साखरटेंभ्याच्या फाट्यावरचे प्रवासी

महेश, तू मघाशी म्हणालास ना, "चार गावं, आठशे डोकी, तिथे रेल्वे कशाला?" बरं. आता लाइट येईपर्यंत ऐक. ऋतिका, तूही ये इकडे. आणि दौलतराव थापा मारतो असं नंतर म्हणू नका. बुवापाड्यातला कैलास माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला पोरगा आहे, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे ही.

बदलापूरच्या पुढे, धरणाच्या अंगाला साखरटेंभ्याचा फाटा आहे. तिथून आत नवी लाइन टाकायची की नाही, याचा सर्व्हे एका खासगी एजन्सीकडे होता. त्यांनी कैलासला पाठवलं. फाट्यावर एक दिवस आणि एक रात्र बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं: नाव काय, कुठे जाता, गाडी झाली तर बसाल का, किती जण. दर वेळी एक फॉर्म भरायचा. सोपं काम. तारीख वीस डिसेंबर दोन हजार चोवीस, शुक्रवार.

आता आली का पंचाईत! घरातून निघालेल्या माणसाला "कुठे?" असं कुणी विचारतं का? "लांब का?" म्हणायचं, समोरचा आपणहून सांगतो. पण हे त्या पोराला कुणी सांगायचं? सकाळी बाळाजी नावाचा एक जण मोटरसायकलवर आला. कैलासने विचारलं, "कुठे?" झालं! "सकाळी सकाळी टोकलंस, आता काम व्हायचा नाय," म्हणत बाळाजीने गाडी वळवली आणि घरी गेला. दिवसभर हेच. कुणी आठ्या घातल्या, कुणी शिव्या. एकही फॉर्म पुरा भरला नाही.

संध्याकाळी साहेबाचा फोन. "ठिकाणाचा रकाना रिकामा, म्हणजे प्रवासी नाही." अरे वा रे वा! माणसं रस्त्यावर दिसतायत, पण ती नाहीत. मला या लोकांचा इतका संताप येतो ना! लाइन परवडत नसेल तर तसं तोंडावर सांगा. महेश, तुझं म्हणणं कदाचित बरोबरही असेल. पण मोजताय तर निदान नीट मोजा की!

असो. सातची शेवटची एसटी गेली. चहाची टपरी बंद झाली. कैलास तिथल्याच बाकड्यावर कानटोपी घालून बसला. उशिरा चंद्र वर आला, रस्ता लांबपर्यंत दिसायला लागला.

पावणेदोन.

फाट्याच्या आतल्या पाड्याकडून एक बाई चालत आली. अनवाणी. दिवस भरलेले. एक हात पोटावर.

कैलासच्या तोंडून सवयीने गेलं, "कुठे?"

ती थांबली. रागावली नाही.

"उल्हासनगरला. दवाखान्यात."

"नाव?"

"शालन बाळाजी."

"गाडी झाली तर बसाल?"

"बसंन."

"एकट्याच?"

तिने दुसराही हात पोटावर ठेवला. त्याने आकडा लिहिला. एक. दिवसातला पहिला पुरा फॉर्म.

"जाते," ती म्हणाली.

ऋतिका, तू खाली दुकानात निघालीस तरी काय म्हणतेस? "येते" म्हणतेस ना? कैलासच्या आईनेही त्याला तेवढं शिकवलं होतं. तो शब्द कानावर पडला आणि त्याचा हात थांबला. त्याने वर बघितलं...

रस्ता रिकामा.

दोन्ही बाजूंना.

उजाडेपर्यंत तो बाकड्यावरून हलला नाही. टपरी उघडली. पहिला चहाला आला तो कालचा बाळाजीच. कैलासने तिचा फॉर्म पुढे केला. बाळाजीने वाचला, आणि तिथेच मातीत खाली बसला.

"माझी बायको," म्हणाला.

पुढचं टपरीवाल्याने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी रात्री तिला कळा सुरू झाल्या. जीप मिळेपर्यंत पहाट झाली. बदलापूर यायच्या आतच ती जीपमध्ये गेली. पोटातलं बाळही तिच्याबरोबर गेलं.

बाळाजीने कागद कैलासच्या हातात परत ठेवला. मग म्हणाला, "तिला आता कुठं जायाचा नाय. जाळ तो कागद."

कैलासने कागद शेगडीत घातला. राख होईपर्यंत दोघे बघत होते. साहेबाला त्याने कळवलं, फाट्यावरचा एकही फॉर्म नाही.

लाइन बारगळली, ते तुम्हाला माहीत आहेच. पुढे अहवाल छापून आला, तो कैलासने इथे पालेगावात आणून मला दाखवला. मी चष्मा पुसून दोनदा वाचला. फाट्याच्या नावासमोर शून्य असायला हवं होतं.

तिथे छापलं होतं: प्रवासी, दोन.