फोनने उचललेला बेलभंडारा

कल्याणी लवटेने मेंढी गुडघ्यांत घट्ट धरली होती. आता सुई टोचायची, एवढ्यात बिरा आबांच्या खिशातून तिला तिचाच आवाज ऐकू आला.

"राम राम आबा. परवा खोकत होतात, आज बरं आहे ना?"

आबांनी तिला हातानेच थांबवलं. "दम धर पोरी. ताईशी बोलतोय."

"आबा, ताई इथं हाय की. तुमच्या म्होरं."

"तू हायेसच. पण तू येतीस, टोचतीस अन् पळतीस. ही निवांत बोलती."

कल्याणीला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

वाघोशी नगरपंचायतीची निवडणूक पाच दिवसांवर आली होती आणि गावात एकही फलक नव्हता, की कुठे मटणाचं जेवण. निवडणूक लोकनिधी कायद्याने उमेदवाराला स्वतःचा पैसा खर्चायला बंदी होती आणि दुसऱ्याचा घ्यायलाही. प्रचाराचा सगळा खर्च सरकार करायचं आणि सगळ्यांना सारखंच द्यायचं: प्रत्येकी एक प्रतिबोल. उमेदवाराचा आवाज, त्याचा जाहीरनामा आणि दोन तासांची मुलाखत यांवरून घडवलेलं हे बोलकं यंत्र एकाच वेळी शेकडो घरी फोन करायचं आणि प्रत्येक घरचं मागचं बोलणं लक्षात ठेवायचं. 'हा आवाज यंत्राचा आहे' असं ते सुरुवातीला बजावायचं, पण म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतली शेवटची भरभर वाक्यं ऐकावीत तितकंच लोक ते ऐकत.

बारा वर्षं शेळ्यामेंढ्यांना लसी टोचणाऱ्या पशुसखीने निवडणुकीला उभं राहणं पूर्वी हसण्यावारी गेलं असतं. तिच्याविरुद्ध उभे असलेले दिगंबर शेठ खडके दोन पेट्रोलपंपांचे मालक, पण त्यांनाही एकच प्रतिबोल मिळाला होता. कल्याणीला या कायद्याचं फार कौतुक होतं. संमतीपत्रावर सही करताना तिने ते पुरतं वाचलंसुद्धा नव्हतं.

आबांचा फोन संपला. "आता माझं मत तुलाच," ते खुशीत म्हणाले. "माळाचा घोर गेला. तू बेलभंडारा उचललास, मग राहिलं काय?"

कल्याणीच्या हातातली मेंढी सुटली. "मी? कवा?"

"काल की. म्या म्हटलं, गायरान वाचवशील तर उचल. फोन भंडाऱ्याच्या ताटलीत ठेवला. तू म्हणलीस, उचलला."

वाघोशीत कागदावरची सही लोक विसरत, पण देवापुढची हळद हातात घेऊन दिलेला शब्द कुणी विसरत नसे. बेलभंडारा उचलून शब्द फिरवणाऱ्याच्या घरी कुणी पाणीसुद्धा पीत नसे. आणि गायरानाचा तो माळ सरकारने सौरप्रकल्पाला देऊन टाकला होता. नगरपंचायतीला फार तर हरकत नोंदवता आली असती.

लसींचा डबा तिथेच ठेवून ती तालुक्याला गेली.

लोकनिधी अधिकारी सौदागर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"मॅडम, यंत्राला खोटी माहिती देता येत नाही. गायरान सरकारने दिलेलं नाही, असं ते कधीच म्हणणार नाही. पण पुढे काय करू हे आश्वासन झालं. आश्वासन खोटं की खरं, ते आज कसं ठरवणार?"

"पण शपथ?"

"ती त्याला आम्ही शिकवली नाही. एका घरी कुणीतरी घ्यायला लावली. घेतल्यावर त्या माणसाचा विश्वास वाढला, हे यंत्राने हेरलं. तेव्हापासून ते आपणहून विचारतंय." त्यांनी आकडा पाहिला आणि आवाज खाली आणला. "तीनशे बारा घरं."

"तीनशे बारा घरी मी शपथ घेतली?"

"खडक्यांच्या यंत्राचंही तेच चाललंय. काही घरी दोघांनी घेतलीय. एका घरी माळ वाचवायची, शेजारी तोच माळ लवकर देऊन पोरांना नोकऱ्या लावायची."

कल्याणीला संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. निवडून आली तरी ती या गावात कुठल्या तोंडाने राहणार होती? "बंद करा माझं यंत्र. आत्ताच."

"करतो. पण पुन्हा सुरू होणार नाही. सभा नाही, पत्रक नाही, काही नाही. पायी फिरायला मात्र बंदी नाही." ते चाचरत म्हणाले, "अकराशे घरं आहेत मॅडम. आणि खडक्यांचं चालूच राहील."

तिने सही केली. या वेळी अक्षर न अक्षर वाचून.

परतीच्या एसटीत तिने वहीत घरांची यादी काढली. पहिलं नाव बिरा आबांचं होतं. दुपार कलायच्या आत ती त्यांच्या ओसरीवर पोचली आणि तिने सगळं सांगून टाकलं. यंत्र बंद केल्याचं, माळ आधीच गेल्याचं, ती शपथ आपली नसल्याचं.

आबांनी आत जाऊन तीच पितळी ताटली आणली. पिवळ्याधमक भंडाऱ्यात फोनचा चौकोनी ठसा अजून तसाच होता.

"बरं. ते यंत्र हुतं. तू तर माणूस हायेस. आता तू उचल."

कल्याणीने हात पुढे केला आणि तो ताटलीवर तसाच राहिला. एक चिमूट उचलली की मत मिळणार होतं. आबाही सुखाने झोपले असते.

"आबा, हरकत घेईन. वर जाऊन भांडेन. पर माळ वाचंलच, असं मला म्हणता यायचं न्हाई. भांडण्याचा भंडारा तेवढा उचलते." तिने भंडारा मुठीत घेतला.

"भांडण खाऊन मेंढरं जगत्यात व्हय?" आबांनी विचारलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हा आवाज यंत्राचा आहे, असं भरभर म्हणून झालं. मग दिगंबर शेठचा भारदस्त, मायाळू स्वर आला. "आबा, जेवलात का? माळाची काळजी सोडा. ताटली जवळ आहे का? मी आत्ता भंडारा उचलतो, माळ तुमचाच राहील."

आबांनी फोन कानापासून दूर धरला. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कल्याणीच्या पिवळ्या झालेल्या मुठीकडे.

"ह्याला हात न्हाईत, तर ह्यो सगळा माळ देतोय. तुला हात हायेत, तर तू नुसतं भांडण देतीस," ते म्हणाले. "मला मरायच्या आधी मेंढरांची सोय बघायची हाय. सांग पोरी, म्या कुणाचं ऐकू?"

फोनमधला आवाज न कंटाळता वाट पाहत होता. कल्याणीच्या वहीत अजून अकराशे घरं होती.