चवीपुरतं डिस्टॉर्शन

"हात काढा," मी म्हणाले.

"तुम्ही काढा," तो म्हणाला.

वाद्यांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात एकच लाल पेडल उरलं होतं आणि त्याच्यावर आम्हा दोघांचे हात एकदमच पडले होते. दिसायला काय, साबणाच्या वडीएवढा पत्र्याचा डबा. गिटारची वायर त्यात खुपसायची आणि पायाने बटण दाबायचं, की गिटारचा साधाभोळा आवाज एकदम जाडाभरडा, गुरगुरणारा होतो. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. शेजाऱ्यांकडे यासाठी वेगळे शब्द असतात. नावाजलेली पेडलं घेणं माझ्यासारखीच्या आवाक्यातलं नव्हतं. हे मात्र स्वस्त होतं आणि गुरगुरण्यात कुणाला हार जाणारं नव्हतं.

"मी गेल्या आठवड्यापासून बघून जातोय हे," तो म्हणाला.

"बघायला काय, मी रोज चंद्र बघते. माझा झाला का?"

तो हसला. हसताना त्याचा एक दात किंचित तिरका दिसला. मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते, त्यामुळे माझी नजर माणसाच्या डोळ्यांआधी दातांकडे जाते. त्याला माझा इलाज नाही. पण एखादा दात पुन्हा पुन्हा बघावासा वाटला, असं मात्र दवाखान्यात कधी झालं नव्हतं...

दुकानदारकाका गल्ल्यामागे डबा उघडून जेवायला बसले होते. "नवीन माल कधी येईल सांगता येत नाही," ते घास चावत म्हणाले. "वाटून घ्या, नाहीतर बाहेर जाऊन भांडा. मला जेवू द्या."

"वाटून म्हणजे... एक आठवडा तुम्ही, एक आठवडा मी?" त्याने विचारलं.

"ओळख ना पाळख, आणि पेडल भागीदारीत?"

"मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. रोज तिथेच असतो, पळून कुठे जाणार? आणि पहिला आठवडा तुमचा. मी नुसतं खोकं घेऊन जातो."

जो माणूस रिकामं खोकं घेऊन समाधानाने घरी जातो, त्याच्याशी भांडणार तरी कसं? मी निम्मे पैसे ठेवले आणि निघाले. दारातून वळून पाहिलं, तर तोही वळला होता. मी लगेच पुढे बघायला लागले आणि पायरी चुकले.

ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी दुकानासमोरच्या बाकावर आम्ही भेटलो. मी पेडल दिलं. पुढच्या रविवारी त्याने परत आणलं, तेव्हा त्यात नवी कोरी बॅटरी होती. घरी जाऊन मी बटण दाबलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. पेडलवर तीन खुंट्या असतात. तिसरी गेनची, म्हणजे गुरगुर किती हवी ते ठरवणारी. साहेबांनी ती जेमतेम हलवलेली होती.

"इतकं अळणी वाजवता तुम्ही?" पुढच्या भेटीत मी विचारलं. "हे पेडल घेतलंत कशाला? सतार घ्यायची."

"आणि तुमची खुंटी पार टोकाला असते. नुसतं खारट. सूर कुठला आणि खडखडाट कुठला, कळत नाही."

"खाणाऱ्याला कळतं."

"मग एकदा खायला बोलवा," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "म्हणजे... ऐकायला."

मी पेडल त्याच्या हातात कोंबलं आणि निघाले.

तिथून पुढे आम्ही खुंट्यांवरून बोलायला लागलो. पेडल हातात आलं की मी आधी गेन बघायची. त्याची खुंटी आठवड्यागणिक थोडी वर सरकत होती. आणि माझी कधी खाली यायला लागली ते माझं मला कळलं नाही. आमच्या तिघींच्या बँडमधली ड्रमवाली एकदा म्हणाली, "आजकाल तुझे सूर ऐकू येतात गं. बरी आहेस ना?" एका रविवारी भुरभुर पाऊस होता. तो पेडल शर्टाच्या आत धरून, स्वतः भिजून आला. ते माझ्या हातात आलं तेव्हा कोमट होतं. मी ते तसंच दोन्ही हातांत धरून घरी आले, पिशवीत टाकलंच नाही.

"पेडल द्यायला जाताना कपड्यांना इस्त्री लागते वाटतं," आई म्हणाली.

माझी आई बायकांचे कपडे शिवते. आमच्या घरात दोनच खोल्या. पुढच्या खोलीत तिचं मशीन आणि कापडं बेतायचं मोठं टेबल, मागच्या खोलीत मी. माझ्या खोलीत स्पीकरला जागा नाही, म्हणून तो आईच्या टेबलाखाली असतो आणि वायर दाराखालून येते. माझी गिटार तिसऱ्या हाताची. तिच्या तारांखालचं आवाज पकडणारं यंत्र इतकं सैल झालंय की त्याच्या जवळ तोंड नेऊन बोललं, तर बोलणंसुद्धा पकडतं. एकदा आई माझ्यावर वाकून "जेवायला चल" म्हणाली, नेमकं पेडल चालू होतं, आणि पुढच्या खोलीतून एखाद्या राक्षसाने गुरगुरावं तसं "जेवायला चल" आलं. गिऱ्हाईक बाई मापं न देताच निघाल्या होत्या.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना दुकानदारकाकांचा फोन आला.

"लाल पेडलांचा माल आलाय. आता एकेक घ्या आणि मोकळे व्हा."

मोकळं व्हायचं कुणाला होतं? एकेक पेडल म्हणजे बाक नाही, बॅटरी नाही, रविवार नाही. आणि आमच्यात पेडलशिवाय होतं तरी काय? अजून आम्ही एकमेकांना अहो-जाहोच करत होतो. मी काकांना म्हणाले, "बघते." त्याला मात्र काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी त्याने "काय विशेष?" असं विचारल्यावर मी हवेबद्दल बोलले. तोही बराच वेळ हवेबद्दल बोलला.

आमच्या बँडचा पहिलावहिला कार्यक्रम ठरला, तो नेमका त्याच्या आठवड्यात. मी मागायच्या आधीच तो म्हणाला, "घरी आणून देतो. पत्ता सांगा." त्या दिवशी दुपारी मी दवाखान्यातून लवकर आले आणि पडदे, चादर, केस, सगळं दोनदा नीट केलं. तो आला. आईने मशीनवरून मान वर करून त्याला चष्म्याच्या वरून पाहिलं आणि पुन्हा शिवायला लागली.

माझ्या खोलीत त्याने बॅगेतून पेडल काढलं. त्याच्याबरोबर बॅगेतून आणखी एक वस्तू डोकावली. खोकं. त्यावर तेच लाल पेडल छापलेलं. आमच्या जुन्या खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. हे नवं होतं.

"हे कुणाचं?"

"माझं. दुकानात... माल आलाय."

"अच्छा," मी म्हणाले. "बरं झालं. म्हणजे आता तुम्हाला यायची तसदी नको."

"तसं नाही, ऐका तर... मी तेच सांगणार..."

"अहो चष्मेवाले," पुढच्या खोलीतून आईची हाक आली. "तुम्ही चष्म्याचं काम करता ना? माझ्या चष्म्याची काडी लटकतेय. जरा बघता का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गिटारकडे पाहिलं. तो गेला.

मी वायर लावली आणि तार जुळवायला गिटारवर वाकले. रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. अशा वेळी मी पुटपुटते, लहानपणापासूनची खोड. "खुशाल घे नवं पेडल," मी तारांना म्हणाले. "घे, आणि जा. माल आलाय ते मला कधीचं माहीत होतं. तुला बोलले नाही, कारण तुला आनंद झाला असता तर..." तार जुळली. सवयीने पाय पेडलवर पडला, बटण खट्ट वाजलं. आणि मी, अजून तशीच वाकलेली, उरलेलं बोलून टाकलं.

"तू यायचा थांबलास तर मला नाही चालणार."

पुढच्या खोलीतला राक्षस टेबलाखालून गरजला, "तू यायचा थांबलास तर मला नाही चालणार."

मला वाटलं, खिडकीतून उडी मारावी. पण आम्ही तळमजल्यावर राहतो, तिचा काही उपयोग नव्हता.

दारात तो उभा होता. एका हातात आईचा चष्मा, दुसऱ्या हातात नखाएवढा स्क्रू-ड्रायव्हर.

"मला 'तू' म्हणालीस," तो म्हणाला.

"मी गिटारशी बोलत होते."

"गिटार कुठे जायला निघाली होती?"

तो आत आला, बॅगेतलं खोकं काढून माझ्यापुढे धरलं. वरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. कडांवर बारीक धूळ बसली होती.

"माल आला त्याच दिवशी काकांनी हे माझ्या गळ्यात मारलं. तेव्हापासून कपाटावर पडून आहे. उघडलं असतं तर रविवार गेले असते ना... आज ते परत करायलाच निघालो होतो. म्हटलं, आधी तुमच्याकडे... तुझ्याकडे जाऊ."

"म्हणजे मागच्या रविवारी तू हवेबद्दल इतका वेळ बोलत होतास..."

"तू पण बोलत होतीस."

"मला काकांचा फोन आला होता."

"मला पण."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग एकदम हसू फुटलं. पोट धरून, आवाज न करता, कारण आई होती पलीकडे. माझा जीव असा भांड्यात पडला की मी होते तिथेच पलंगावर बसले. किती दिवस मी खांदे आवळून वावरत होते, ते खांदे सैल पडल्यावर कळलं. तो तिरका दात मला पुरता दिसत होता. तो कधी सरळ करून घेऊ नकोस, हे मी त्याला नंतर सांगणार होते.

"अजून मी काही बोललो नाही," तो म्हणाला.

"मग बोल."

तो गुडघ्यांवर बसला. पेडलवरची गेनची खुंटी मधोमध होती. दोघांच्या मिळून झालेल्या त्या जागेकडे त्याने क्षणभर पाहिलं, आणि मग, पहिल्या आठवड्यात ती जेमतेम हलवणाऱ्या या माणसाने, ती पार टोकापर्यंत फिरवली.

"अरे, खारट होईल," मी कुजबुजले.

"आज होऊ दे."

तो माझ्या मांडीवरच्या गिटारवर झुकला. त्याचे केस माझ्या मनगटाला लागले. तारांपाशी ओठ नेऊन तो अगदी हळू बोलला, इतकं हळू की मला ते त्याच्या तोंडून ऐकूच आलं नाही. ते टेबलाखालून आलं, काचा थरथरवत, गुरगुरत, कुणालाही चुकणार नाही असं.

"मला तू फार आवडतेस."

मी त्याचा स्क्रू-ड्रायव्हरवाला हात घट्ट धरला. पलीकडे आईची खुर्ची करकरली.

"कळलं," आई म्हणाली. "आता माझा चष्मा आण रे, म्हणजे तुझं तोंडही नीट बघते."