डबीतल्या मंडळींसाठी

आमच्या भूगावच्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी काचेच्या डबीत जावयासारख्या खाऊनपिऊन राहतात. त्यांना मारायचं काम माझं. माले गावातल्या तुळजाबाईंच्या बांधावर एक झुडूप आहे. त्याच्या पाल्यातून वेगळं केलेलं द्रव्य पेशींवर टाकलं, तर पहिल्या खेपेला सगळ्या पटापट मेल्या. दुसऱ्या खेपेला एकही मरेना. पुन्हा तसं झालं तर प्रकल्प बंद, असं माझे गाईड स्वानंद सर म्हणाले. म्हणजे माझी पीएचडी पाण्यात.

पहिला पाला तुळजाबाईंनी खुडला होता, दुसरा मी. म्हणून त्यांनाच विचारायला गेले.

"झाडाला नाव सांगितलं का?"

"कोणाचं?"

"आजारी मानसाचं. आदल्या सांजंला मुळाशी तांदूळ ठिवायचं, कुनासाठी पायजे ते सांगायचं, सकाळी खुडायचं. मी म्हनलं व्हतं, भूगावच्या डबीतल्या मंडळींसाठी."

मला हसू आलं. तरी तांदूळ ठेवले. पीएचडी माझी होती. नेमका तेव्हाच सरांचा फोन, झालं का म्हणून. मी वैतागून झाडाला म्हणाले, "स्वानंद सरांसाठी."

त्या पाल्यातलं द्रव्य टाकल्यावर पेशी जास्तच बाळसेदार दिसू लागल्या. मी मान खाली घालून सरांपुढे उभी राहिले.

सरांनी दार लावलं. "जुईली, माझ्या मानेत गाठ होती. कर्करोगाची. घरीही बोललो नव्हतो. काल डॉक्टरांना ती सापडेचना."

"सर, तुम्ही आपला पाला खाल्लात?"

"छे. मला त्याचा वाससुद्धा सहन होत नाही."

खुशीत त्यांनी आणखी एक खेप मंजूर केली. तांदळाचं मी बोलले नाही.

या वेळी नाव चोख घ्यायचं, असं घोकतच मी माले गाठलं. तुळजाबाई अंगणात होत्या. पाला खुडून फडक्यात बांधलेला होता.

"नाव न घेताच खुडलात?"

"ह्या खेपेला नाव झाडानंच सांगितलं."

मी पिशवी पुढे केली. त्यांनी फडकं पिशवीत टाकलं नाही.

"ह्ये भूगावला न्हेऊ नको, पोरी."

एरवी त्या मला अहोजाहो करायच्या.

"मला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी फडक्याची गाठ सोडली. चुलीवर पाल्याच्या काढ्यासाठी आधण आधीच ठेवलेलं होतं.