दोनबोट्या

ऐकायचं असेल तर मोबाइल खाली ठेवा. आणि मध्येच दात काढायचे नाहीत. ही गोष्ट माझ्या शेजारच्या शिंप्याची आहे. त्याला आयुष्यात धड एक बहाणा करता आला नाही, तो गोष्ट काय रचणार?

नोव्हेंबरची तेवीस तारीख, मंगळवार. संध्याकाळी भात अर्धा शिजला आणि गॅस संपला. बायको माहेरी गेलेली, घरात तो आणि पाच वर्षांची लेक. सायकलवरून जाऊन त्यानं सिलिंडर आणला, स्वतःच बसवला, पोरीला जेवू घालून झोपवलं. आतला रबरी वायसर फाटलेला होता. वास यायला हवा होता, पण सर्दीनं त्याचं नाक चोंदलेलं.

गल्लीच्या टोकाच्या खोलीत तेव्हा दोनबोट्या राहायचा. पूर्वी बेकरीत कामाला होता. भट्टी भडकली तेव्हा आतल्या दोघांना त्यानं ओढून बाहेर काढलं. त्यात त्याचं तोंड भाजलं, आवाज गेला, उजव्या हाताला दोनच बोटं उरली. पुढे तो रात्री-अपरात्री कुणाचंही दार वाजवायचा. बोलता येत नव्हतं, नुसता घरघरायचा. का वाजवतो, हे कुणी विचारलं नाही. आया पोरांना सांगायच्या, "गप झोप, नाहीतर दोनबोट्या येईल." त्यानं दार वाजवलं की दिवे मालवायचे आणि चिडीचूप बसायचं, असा गल्लीचा नियमच होऊन गेला होता.

त्या रात्री पावणेदोनला शिंप्याचं दार वाजलं.

ठक... ठक.

तो उठून बसला. डोकं जड झालेलं. त्यानं लेकीच्या तोंडावर हात ठेवला.

ठक... ठक. मग घरघर...

लेकीनं हात बाजूला सारला. "बाबा, तो रडतोय."

"गप."

"उघड ना."

शिंपी हलला नाही. पोर उठली. स्टूल ओढलं. कडी काढली.

बाहेर कुणी नव्हतं.

गार हवा आत आली. अगदी अंगाजवळून... कुणीतरी गेलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मग... खट्.

मोबाइलच्या उजेडात शिंप्यानं पाहिलं. रेग्युलेटरचं बटण बंद होतं. झोपताना ते चालूच राहिलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. सकाळी चहासाठी काडी ओढली असती तर...

उजाडताच तो लेकीला घेऊन गल्लीच्या टोकाला माफी मागायला गेला. त्या दारावर पहिल्यांदाच कुणाची तरी थाप पडली. दार उघडेना. शेवटी आम्ही दार तोडलं.

डॉक्टर म्हणाले, जाऊन तीन दिवस झालेत.

तीन दिवस! आणि आम्ही म्हणत होतो, बरं झालं, तीन रात्री कशी निवांत झोप लागली.

पोलिसानं कागद काढून नाव विचारलं. अख्खी गल्ली उभी होती. कुणी बोलेना. मला एकच नाव माहीत होतं... ते मीच ठेवलं होतं. पारावर बसून, हसत हसत. पोरांनो, ते मला तिथे उच्चारता आलं नाही. आजही मला त्याचं खरं नाव माहीत नाही.

मग शिंप्यानं मला घरी नेऊन ते बटण दाखवलं. त्यावर दोन बोटांचे ठसे होते, भिजवलेल्या मैद्याचे. अजून ओले.

बेकरी बंद पडून नऊ वर्षं झाली होती.