तिला पाय कावून न्हाईत?

नांदूरघाटच्या पेठेत रेवणप्पांचं किराणा दुकान. दुपारी अप्पा मागच्या घरात जेवायला गेले, की त्यांची शिवांजली गल्ल्यावर बसायची आणि खुशाल टीव्हीवर कार्टून लावायची. लग्नाला आलेली पोरगी कार्टून बघते म्हणून गाव हसायचं. हसेना का!

त्या दिवशी श्रावणाची भुरभुर चालू होती. ओले केस झटकत एक उंच तरुण दुकानात शिरला.

"खोडरबर आहे?"

"थांबा जरा. हिरो डोंगरावर निघालाय."

तो थांबला… पडद्याकडे कमी, तिच्याकडेच जास्त बघत.

"आवडतं तुम्हाला हे?"

"हिरो आवडतो. त्याला हाक येते, आधी न्हाई म्हनतो, मग उंबरा ओलांडतो, राक्षस मारतो, शहाना होऊन घरी येतो. पन ती पोरगी बारा भाग खिडकीतच! कंबरेखाली काढलीच न्हाई. तिला पाय कावून न्हाईत हो?"

तरुणाचे कान लाल झाले. विचारायला गेला आणि हात दाखवून अवलक्षण!

"ती… मीच काढतो. हैदराबादला. मी विश्वेश्वर, दिंद्रुडचा. मावशीकडे आलोय सुट्टीला."

शिवांजलीने जीभ चावली. मग दोघंही खळखळून हसली.

त्यानंतर त्याला रोज काहीतरी लागू लागलं. काडेपेटी, खडीसाखर, पुन्हा खोडरबर.

"इतकं काय खोडता?"

"डोळे जमेनात…"

"कुनाचे?"

तो नुसता हसला. दुकानातल्या सगळ्या बरण्यांवर एकदम ऊन पडल्यासारखं तिला वाटलं. प्रेमच ते, दुसरं काय असणार! पण शुक्रवारी लातूरची माणसं तिला बघायला येणार होती, आणि शुक्रवारीच त्याची सुट्टी संपत होती.

गुरुवारी त्याने दाराबाहेरूनच एक कागद पुढे केला.

"उंबऱ्यावर देऊ-घेऊ न्हाई," ती म्हणाली. "एक तर तुमी आत या, न्हाईतर…"

तो घुटमळला. हिरोला बेधडक घराबाहेर काढणारा माणूस, आणि स्वतःचा पाय उचलेना! शेवटी तीच गल्ल्यामागून उठून बाहेर पायरीवर आली.

कागदावरची पोरगी पावसात, चपला घालून, रस्त्याने निघाली होती. डोळे शिवांजलीचे होते.

"उद्या लातूरची मानसं येनार हायेत… मला बघायला," ती कशीबशी म्हणाली.

मग त्याची हैदराबादची साहेबी भाषा कुठल्या कुठे गळून पडली.

"मलाबी हाक आलीय, शिवांजली. आधी न्हाई म्हनायचा भाग मी गाळतो. मला तुमी पाहिजेत… जन्मभर."

भुरभुर थांबली होती की चालूच होती, तिला कळलं नाही.

"कोन हाय गं?" आतून अप्पांनी विचारलं. "गिऱ्हाईक का?"

विश्वेश्वर चपापून एक पायरी खाली उतरला. तिने त्याची बाही घट्ट धरली.

"न्हाई, अप्पा! लातूरकरांना येऊ नका म्हनून फोन करा… आन् आईला म्हनावं, अजून एक ताट वाढ."