बेंजोच्या पेटीतली चावी

ही गोष्ट खरी आहे. खोटी निघावी म्हणून मीच खूप धडपडलो.

सिद्धोधन माझा मावसभाऊ. जिंतूरकडून येलदरीला जाणाऱ्या रस्त्यावर एक परमिट रूम आहे. तिथं दर शनिवारी गाण्याची पार्टी बसायची. हा ऑक्टोपॅड वाजवायचा, पण लोक यायचे ते बन्सीधरमामांचा बेंजो ऐकायला.

मामा स्वतः थेंबाला शिवायचे नाहीत. ज्याचे पाय लटपटले, त्याच्या गाडीची चावी गोड बोलून काढून घ्यायचे आणि बेंजोच्या पेटीत टाकायचे.

"सकाळी घरी ये. चावी बी देतो, च्या बी पाजतो."

सकाळी नर्मदामामी चहा ठेवायच्या. चावी मात्र मामाच हातावर ठेवायचे. कितीतरी जणींचं कुंकू त्या पेटीनं राखलं.

गेल्या साली एका शनिवारी सिद्धोधनला जास्त झाली. त्याची लाल दोरा बांधलेली चावी पेटीत गेली. मामा वाजवण्यात रंगले, तेव्हा यानं ती गुपचूप उचलली आणि गाडीला किक मारली.

मामांनी पाहिलं. बेंजो टाकून ते रस्त्यावर धावले...

"सिद्धू, थांब रे!"

मागून टँकर आला.

सिद्धोधन थांबला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ती लाल दोऱ्याची चावी येलदरीच्या धरणात फेकली. महिन्याभरात दुसऱ्या चावीसकट गाडीही विकली. मामा मधूनच उठून रस्त्यावर का गेले, हे मामींना आजही माहीत नाही. त्यानं फक्त मला सांगितलं.

यंदाचा दोन ऑक्टोबर. ड्राय डे. दुपारचे चार.

बंद बारमध्ये मालकानं मामांचा फोटो लावला होता. खाली त्यांची रिकामी पेटी. बेंजो मामींच्या घरी. मालकाकडून शटरची किल्ली घेऊन फोटोला हार घालायला सिद्धोधन एकटाच गेला.

लाइट नव्हती. खुर्च्या टेबलांवर उलट्या. त्यानं हार वर धरला...

टिंग.

बेंजोची तार.

पण बेंजो तर तिथं नव्हताच!

मग पेटीत काहीतरी खडखडलं... त्यानं झाकण उघडलं.

तळाला एक चावी. लाल दोरा. दोऱ्यातून पाणी ठिपकत होतं.

हार तिथंच टाकून तो पळाला. शटरला कुलूप घातलं आणि किल्ली मालकाच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. नर्मदामामी.

"सिद्धू, तुझी चावी घरी हाय रे बाबा. बेंजोजवळ दिसली."

"माझीच... कशावरून?"

"लाल दोरा म्याच बांधला व्हता की तुला, नवी गाडी घेतली तवा. पर वला कशानं झालाय? ये घ्यायला. च्या ठेवायलेय."

तो गेला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी सातला फोन येतो. चावी आली कुठून, हे मामी विचारत नाहीत. एवढंच म्हणतात, "दोरा अजून वाळंना रे."

काल मला राहवलं नाही. म्हटलं, "जा बाबा, मामींचे पाय धर. सगळं सांगून मोकळा हो."



"जाईन की दादा," तो म्हणाला. "च्या मामी देतेल... पर चावी तर मामाच हातावर ठेवायचे ना?"