बॉनेटच्या पलीकडे

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या बाईंच्या नवऱ्याची व्हॅन त्या संध्याकाळी विकली जायची होती. तिचा रेग्युलेटर बदलायचं काम बाईंनी मुद्दाम लांबणीवर टाकत आणलं होतं. धाकटा दीर ताटकळून गेला.

"वहिनी, गिऱ्हाईक खोळंबलंय. मी चहा घेऊन येतो, तोवर उरका."

बाईंनी नवा रेग्युलेटर बसवला. इंजिन कितीही पळो, बॅटरीकडे चौदा व्होल्टच्या आसपासच वीज जाऊ द्यायची, एवढंच त्याचं काम. तो बिघडला की दिवे उडतात, बॅटरी उकळते. तपासायला मात्र दोन माणसं लागतात. एक गाडीत बसून रेस देतो, दुसरा बॅटरीपाशी मीटर धरतो. लग्न झाल्यापासून गाडीत नवराच बसायचा. त्याचा पाय भलताच जड. जरा म्हटलं की जोरात दाबणार. बाई करवादायच्या आणि तो हसायचा. उघड्या बॉनेटआडून ते हसू दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या हसण्यासाठी त्यांचा जीव अजून तुटायचा.

इंजिन सुरू करून त्या पुढे आल्या. बॅटरीला मीटरचे चिमटे लावले आणि सवयीनं बोलून गेल्या, "अहो, जरा वाढवा."

इंजिन वाढलं. जोरात.

काटा चौदावर जाऊन स्थिर झाला. दीर लवकर परतला वाटतं, असं त्या मनाशी म्हणाल्या. तेवढ्यात पाठीमागे पावलं वाजली. दीर हातात चहाचे दोन ग्लास घेऊन शेडच्या दारात उभा होता.

"वहिनी... गाडीत कोण आहे?"

"बॉनेटला हात लावू नकोस," त्या हळूच म्हणाल्या.

इंजिन घोंघावत राहिलं. शेडमध्ये करपट वास पसरू लागला. बाईंना ते कधीच थांबायला नको होतं. पण त्यांच्यातल्या कारागिराला तापलेलं इंजिन बघवेना. शेवटी रोजचेच शब्द त्यांच्या तोंडून आले.

"बास... झालं. उतरा आता."

आवाज उतरला. इंजिन बंद पडलं. मग गाडीचं दार उघडलं आणि धाडकन लागलं.

बाईंनी चिमटे सोडवले. दिरानं ग्लास ठेवून बॉनेट खाली घेतलं. आत कोणी नव्हतं. बाई ठेंगण्या, त्यांनी पुढे ओढलेली सीट मात्र आता पार मागे सरकलेली होती. चहा तसाच टाकून तो गाडी घेऊन निघून गेला. बाईंनी अडवलं नाही. गाडी गेली तर गेली, नवरा तिच्यातून उतरला होता.

त्यांनी शटर आतून ओढून घेतलं. हातातल्या मीटरचे सुटलेले चिमटे हवेत लोंबत होते, तरी काटा चौदावरच होता. अंधारात, अगदी जवळ, कोणीतरी हसलं. काटा हळूहळू पुढे सरकू लागला.

आता बास म्हणायला हवं होतं. बाई म्हणाल्या नाहीत.